वाचकांचे प्रश्न: जोर दोन-चारवर द्यायचा, पण गाणं कोणतं घ्यायचं?

या वेळच्या पत्रांमध्ये गिटारच्या बॅकबीटबद्दलचे प्रश्न बरेच आहेत, म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. चार मात्रांच्या बारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येणारा ठसठशीत आघात म्हणजे बॅकबीट. ड्रमसेटवर तो स्नेअरवर (खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर) वाजतो. एकट्या गिटारवर तो उजव्या हातानेच काढावा लागतो. (डावखुऱ्यांनी उत्तरांमधले हात उलटे समजावेत.)

प्रश्न: जी, सी, डी, ए, ई आणि ई मायनर हे कॉर्ड येतात. खाली, खाली-वर, वर-खाली-वर हा पॅटर्नही हातात बसला आहे. तरी कोणतंही गाणं वाजवलं की ते सपाट ऐकू येतं. बॅकबीटचा सराव करा, असा सल्ला मिळाला. सुरुवातीला कोणती गाणी घ्यावीत?

सपाटपणाचं कारण बहुतेक वेळा पॅटर्नमध्ये नसतं. प्रत्येक फटका सारख्याच जोराने सहाही तारांवरून गेला, तर पॅटर्न कितीही छान असला तरी कानाला नुसती सरसर ऐकू येते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला फक्त जाड तारा (सहावी, पाचवी, चौथी) हलकेच वाजवा. दुसऱ्या आणि चौथ्याला पिक पहिल्या तीन-चार बारीक तारांवरून झपकन काढा. वरचे फटके पहिल्या दोन-तीन तारांपलीकडे जाऊच देऊ नका. एवढ्यानेच गाणं चालायला लागतं. एक गोष्ट आवर्जून सांगायची, ती म्हणजे दोन-चारवर ताकद वाढवण्याऐवजी एक-तीनवर कमी करा. जोर मनगटाच्या वेगातून येतो. तो खांद्यातून काढायला गेलात की हात आखडतो आणि लय पुढे पळते.

आता गाणी. गाणं निवडताना ते आवडतं की नाही यापेक्षा डाव्या हाताला त्यात किती काम आहे ते आधी बघा. सगळं लक्ष उजव्या हातावर राहायला हवं, त्यामुळे कॉर्ड दोन ते चारच असावेत, तेही पूर्ण पाठ असलेले, आणि सुरुवातीला एका बारमध्ये एकच कॉर्ड असावा. लय मिनिटाला साधारण ८० ते १२० ठोक्यांची बरी. ७० च्या खाली दोन मात्रांमधलं अंतर इतकं लांबतं की हात मध्येच थांबतो. १३० च्या वर गेलं की नवख्याचे सगळे फटके पुन्हा एकसारखे होतात. आणि मूळ ध्वनिमुद्रणात स्नेअर किंवा टाळी स्वच्छ ऐकू यायला हवी, नाहीतर तुम्ही कशाला धरून वाजवणार?

क्वीनचं 'वी विल रॉक यू' (१९७७) गिटार हातात न घेता सुरू करा. पायाचे दोन ठोके आणि एक टाळी असा तो साचा आहे. टाळी बरोबर दोन आणि चारवर पडते. तिच्यासोबत टाळी वाजवत तोंडाने 'एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि' मोजा. पायाचे ठोके 'एक-नि' आणि 'तीन-नि' वर आहेत, हे तेव्हा आपोआप लक्षात येईल.

मग मायकल जॅक्सनचं 'बिली जीन', १९८२ च्या 'थ्रिलर' या अल्बममधलं. सुरुवातीला फक्त ड्रम आहेत: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक-तीनवर, स्नेअर दोन-चारवर, हाय-हॅट (झांजांची जोडी) सलग आठ वेळा. बॅकबीटचा इतका उघडा नमुना शोधूनही सापडणार नाही. या गाण्याचे कॉर्ड वाजवायला जाऊ नका. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती आडवी टेकवून सगळ्या तारा बंद करा आणि उजव्या हाताने हाय-हॅटबरोबर खाली-वर चालू ठेवा. स्नेअर आली की फटका झपकन.

पहिलं कॉर्डचं गाणं म्हणून बिली रे सायरसचं 'एकी ब्रेकी हार्ट' (१९९२) आम्हाला फार उपयोगी वाटतं. ए आणि ई, दोनच कॉर्ड, आणि स्नेअर ठळक. ते १२० च्या आसपास आहे, म्हणून आधी मेट्रोनोमवर (ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्रावर) ८०, मग ९०, मग १०५ करत मूळ लयीला पोहोचा. त्यानंतर बेन ई. किंग यांचं 'स्टँड बाय मी' (१९६१). मूळ पट्टी ए आहे. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी दोन बार, ई मायनर दोन बार, सी एक, डी एक, पुन्हा जी दोन बार. हे आठ बारचं चक्र अख्ख्या गाण्यात बदलत नाही, त्यामुळे वीस मिनिटं सलग वाजवता येतं. सरावाच्या गाण्यात आणखी काय हवं?

तिसऱ्या टप्प्यावर लिनर्ड स्किनर्डचं 'स्वीट होम अलाबामा' (१९७४) घ्या. डी दोन मात्रा, सी दोन मात्रा, जी पूर्ण चार मात्रा. इथे कॉर्ड तिसऱ्या मात्रेवर बदलतो, म्हणजे दुसऱ्या मात्रेवरच्या जोरानंतर लगेच. डावा हात सी पकडायच्या घाईत डी लवकर सोडतो आणि नेमका दोनचा फटका पोकळ पडतो. उपाय सोपा आहे. दोनचा फटका वाजवून तो तिथेच दाबून तोडा. तो तुटला की तिसऱ्या मात्रेपर्यंत डाव्या हाताला मोकळा वेळ मिळतो.

नवख्यांच्या हाती हमखास दिलं जाणारं बॉब डिलन यांचं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' (१९७३) मात्र मागे ठेवा. कॉर्ड सोपे आहेत, यात शंका नाही. पण लय साधारण ७० ची आहे. तिथे दोन-चारची वाट बघत हात अधांतरी राहतो. हे गाणं दोन महिन्यांनी घेतलंत तर जास्त शिकवेल.

प्रश्न: दोन-चारवर टाळी देतो असं मला वाटतं, पण सोबतचे सांगतात की मी एक-तीनवर देतो. मोजणी कुठून सुरू करायची ते कसं ओळखावं?

बहुतेक जण गाण्याच्या पहिल्या शब्दापासून 'एक' मोजायला लागतात आणि चूक तिथेच होते. शब्द पुष्कळदा 'एक' च्या आधी अर्धी, एक किंवा दोन मात्रा सुरू होतात. शब्द सोडा आणि बेस ऐका. कॉर्ड बदलतो आणि बेसचा नवा सूर लागतो ती जागा बहुधा 'एक' असते. तिथे पाय टेकवा. एक आणि तीनला पाय, दोन आणि चारला टाळी. हात-पाय आलटून पालटून चालले पाहिजेत. दोन्ही एकदम पडायला लागले तर थांबा आणि पुढच्या कॉर्डबदलापासून नव्याने धरा.

कान पक्का झाला की मेट्रोनोम अर्ध्यावर ठेवा. गाणं १०० चं असेल तर मेट्रोनोम ५० वर. प्रत्येक टकटक म्हणजे दोन किंवा चार. सुरुवात करताना टकटकीबरोबर मोठ्याने 'दोन' म्हणा, पुढच्या टकटकीला 'चार', असं चार-पाच वेळा झालं की मधल्या मात्रा भरा, आणि मगच गिटार वाजवा. थोड्या वेळाने टकटक 'एक' वाटायला लागते, हे सगळ्यांचंच होतं. वाजवत राहून ते सुधारत नाही. हात थांबवून पुन्हा 'दोन… चार…' पासून सुरू करा.

काही गाणी या सरावाला फसवी असतात आणि ती नेमकी फार लोकप्रिय आहेत. रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' (१९६५) आणि रॉय ऑर्बिसन यांचं 'ओ, प्रिटी वुमन' (१९६४) यांत स्नेअर चारही मात्रांवर वाजते. त्यांच्यावर दोन-चार शोधत बसलात तर गोंधळ वाढेल. रोनेट्सच्या 'बी माय बेबी' (१९६३) च्या त्या प्रसिद्ध सुरुवातीत स्नेअर फक्त चौथ्या मात्रेवर आहे. बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह' (१९६७) चे अंतरे तर सात मात्रांच्या हिशेबात जातात. ऐकायला उत्तम, पण पहिल्या सरावाला नकोत.

प्रश्न: दोन आणि चारवर तारा दाबून 'चक्' असा आवाज काढायचा प्रयत्न करतो. कधी तारा झणझणत राहतात, कधी बारीक घंटीसारखा सूर येतो, कधी पिक अडकतं. नेमकं काय चुकतंय?

तीन तक्रारींची तीन वेगवेगळी कारणं आहेत. आधी मूळ क्रिया नीट समजून घेऊ.

हात नेहमीसारखा खाली येतो. तारांना भिडताना मनगट थोडं आत वळतं, तळहाताची करंगळीकडची कड आधी टेकते आणि जवळजवळ त्याच क्षणी पिक तारांवरून खाली सरकतं. तारा आधीच बंद झालेल्या असल्याने सूर न येता 'चक्' येतो. हे दोन वेगळे प्रसंग नाहीत. आधी थाप आणि मग फटका असं केलंत तर दोन आवाज ऐकू येतील. शिवाय 'चक्' हा नेहमीचाच खालचा फटका आहे. त्यासाठी हाताचं खाली-वर थांबता कामा नये.

आता झणझण. तळहात तारांवर पूर्ण टेकत नाही, बहुधा जाड तारांवर टेकतो आणि पहिली-दुसरी मोकळी सुटते. हात अर्धा इंच खाली, म्हणजे जमिनीच्या दिशेने, न्या. उघड्या कॉर्डमध्ये डाव्या हाताची पकड नुसती सैल करून भागत नाही, कारण उघड्या तारांवर बोट नसतंच. बॅरे कॉर्डमध्ये (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेल्या कॉर्डमध्ये) मात्र तीच युक्ती उत्तम चालते: बोटं उचलू नका, फक्त दाब सोडा.

घंटीसारखा सूर हा हार्मोनिक आहे. तार तिच्या लांबीच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्शावर किंवा चौथ्या हिश्शावर एका बिंदूत हलकीशी शिवली गेली की तो निघतो. ब्रिजपासून (गिटारच्या पेटीवर तारा जिथे टेकतात तिथून) चौथ्या हिश्शाची जागा साउंडहोलच्या आसपासच येते आणि तुमचा हात नेमका तिथेच पडतो. बोटाच्या टोकाऐवजी तळहाताची रुंद कड टेकवली की सूर मरतो. तरीही आला तर हात एक-दोन सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवून बघा. पार ब्रिजवर जाऊ नका. तिथे पाम म्यूट होतो, म्हणजे कॉर्डचा दबका सूर येतो, 'चक्' येत नाही.

पिक अडकण्याचं कारण म्हणजे ते बोटांबाहेर फार निघालेलं असतं. तीन-चार मिलिमीटर टोक पुरे. स्ट्रमिंगला ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं पिक सोयीचं पडतं. एक मिलिमीटरच्या वरचं पिक या कामात तारेला अडून बसतं. पिक तारांना काटकोनात न धरता किंचित तिरकं धरा.

या तिघांपेक्षा मोठा दोष पत्रात नाही, पण तो बहुतेकांच्यात असतो. 'चक्' नंतर हात क्षणभर तारांवर चिकटून राहतो, त्यामुळे पुढचा वरचा फटका उशिरा येतो आणि दोनच्या पुढची 'नि' गायब होते. थाप गरम तव्याला बोट लागल्यासारखी उसळून परत आली पाहिजे. सरावासाठी सगळ्या तारा डाव्या हाताने बंद करा, मेट्रोनोम ७० वर ठेवा आणि फक्त चार खालचे फटके वाजवा: हलका, चक्, हलका, चक्. दोन मिनिटं एकसारखं आलं की मध्ये वरचे फटके घाला. ते आले की ई मायनर धरा, कारण त्यात सहाही तारा वाजतात आणि कुठलीही तार सुटली तर लगेच कळतं. मगच 'एकी ब्रेकी हार्ट' कडे वळा.

प्रश्न: 'बॅड मून रायझिंग' ची लय एक ॲप १७८ दाखवतं, दुसरं ८९. खरी कोणती?

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या या गाण्याला (१९६९) दोन्ही आकडे लागू पडतात, एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे इतकंच. निर्णय स्नेअरवरून करा. ज्या मोजणीत स्नेअर दोन आणि चारवर येते ती तुमची मोजणी. इथे ती १७८ ची आहे. ८९ ने मोजलंत तर स्नेअर प्रत्येक 'नि' वर पडेल. १७८ ला वरचे फटके सगळे वाजवायची गरज नाही. एकला बेसची तार, दोनला बारीक तारा, तीनला बेस, चारला बारीक तारा, असे चार खालचे फटकेसुद्धा पुरतात. अर्थात हे गाणं पहिल्या यादीतलं नव्हे.

प्रश्न: काही वर्षं तबला शिकलो आहे. केरवा अंगात भिनलेला असल्याने समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) जोर पडतो आणि दोन-चार जमत नाही. गाणं निवडताना तालाचा हिशेब कसा लावावा?

तुमच्याकडे उलट सोय आहे. केरव्याच्या आठ मात्रा (धा गे ना ती, न क धिं ना) एका बारवर मांडा. गिटारच्या चार मात्रा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या बोलावर येतात: धा, ना, न, धिं. म्हणजे गिटारचं 'दोन' तिसऱ्या बोलावर आणि 'चार' सातव्या बोलावर. विषम बोलांना हात खाली, सम बोलांना वर. मनात ठेका म्हणत हात चालवा आणि तिसऱ्या व सातव्या बोलाला 'चक्' लावा.

सम सोडायची नाही, तिच्यावर फक्त मोठा फटका मारायचा नाही. कॉर्ड समेवरच बदलतो आणि बेसची तारही तिथेच वाजते, हलकी पण नेमकी. सम डळमळली तर दोन-चारचा जोर कुठल्याच आधाराशिवाय लटकतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस 'एक' ला पाय जमिनीवर नीट पडतोय की नाही तेवढंच तपासा.

दादऱ्याच्या अंगाची, म्हणजे सहाच्या चालीची गाणी या सरावातून वगळा. ॲनिमल्सचं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' (१९६४) सहाच्या चालीत आहे. तिथे मागचा आघात चौथ्या मात्रेवर येतो आणि हाताची खाली-वर व्यवस्था वेगळी लागते. ते पुढे स्वतंत्रपणे शिकावं. एकाच बैठकीत दोन्ही घेतलंत तर चाराच्या गाण्यातही हात मध्येच तिनाच्या झोक्याने चालायला लागतो.

प्रश्न: नुसतं वाजवताना बॅकबीट पक्का येतो, गायला लागलं की नाहीसा होतो. गाणं बदलावं का?

गाणं बदलू नका, काम कमी करा. शब्दांचा भार बऱ्याचदा एक-तीनवर पडतो आणि हात तोंडाच्या मागे जातो. पहिल्या फेरीत गाऊ नका, फक्त 'चक्' बरोबर 'दोन', 'चार' म्हणा. दुसऱ्या फेरीत सूर न लावता शब्द बोलीत म्हणा, लयीत. तिसऱ्या फेरीत चाल गुणगुणा. या तिन्हींमध्ये हात अगदी रिकामा ठेवा: एकला कॉर्ड, दोनला चक्, तीनला काही नाही, चारला चक्. वरचे फटके पूर्ण बंद. दोन ओळी अशा जमल्या की शब्द आणि सूर एकत्र करा, आणि सगळ्यात शेवटी वरचे फटके परत आणा. तोल ढळला की एक पायरी मागे या, गाण्याच्या सुरुवातीला जाऊ नका. 'स्टँड बाय मी' ला आठ-आठ बारचे तुकडे आयतेच पडतात, त्यामुळे या कामाला ते चांगलं.

फोन दीड-दोन मीटरवर ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि परत ऐकताना फक्त एक गोष्ट तपासा: शब्द चालू असताना दोन-चारची थाप शब्दांखाली दबते का, की शब्दांपेक्षा मोठी होते? थाप आवाजाला झाकत असेल तर तळहात कमी उंचीवरून टेकवा. वेग तोच ठेवायचा.

प्रश्न: नायलॉनच्या तारांच्या गिटारवर हा सराव चालेल का?

चालेल. पिक न वापरता तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नखांची बाजू वापरा. 'चक्' पोलादी तारांइतका टणक येत नाही, दबका येतो. तो मोठा करण्यासाठी जोर लावू नका, थाप साउंडहोलच्या थोडी गळ्याच्या बाजूला न्या. गळा रुंद असतो, त्यामुळे सहाही तारा झाकायला तळहात जरा जास्त आडवा ठेवावा लागेल.